मरियेचा उडालेला निळा

मोतेसकाकांनी छत्रीचं टोक भिंतीवरच्या मरियेच्या खांद्यावर टेकवलं आणि विचारलं, "बेनीता, रंग संपला काय?"

मी शिडीवर होते, एका रडणाऱ्या देवदूताचा पंख पुरा करत. म्हटलं, "नाही काका. अर्धा डबा शिल्लक आहे."

"मग इथे का नाही लावला?"

"तिथे नाहीये म्हणून."

"तिथे म्हणजे कुठे?"

"इटलीत."

काकांनी फादर ऑस्वल्डकडे पाहिलं. हिशेब जुळेना की ते नेहमी शेजारच्याच्या तोंडाकडे बघत, जणू चूक तिथे सापडणार आहे. फादर चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

गावाचं नाव सांगत नाही. वसईच्या पट्ट्यातलं, केळी आणि पानवेलींच्या मधलं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून मला लग्नांना बोलावतात आणि मला ती बोलावणी हवी आहेत. चर्च दुःखी मातेचं, म्हणजे मरियेचं. मी तेव्हा चर्चच्याच शाळेत चित्रकला शिकवत होते, मुंबईला जाऊन रीतसर शिकून आलेली, लग्न न झालेली, म्हणजे गावाच्या दृष्टीने दोन्हीकडून अर्धवट.

मोतेस तुस्कानो चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पॅरिश कौन्सिलचे उपाध्यक्ष. अध्यक्ष फादर असतात, आणि फादर बदलून जातात. उपाध्यक्ष कुठे जात नाहीत. माणूस वाईट नव्हता. कुणाचं लग्न निघालं की मांडवाचे बांबू त्यांच्या वाडीतून, कुणी आजारी पडलं की बैलगाडी त्यांची. फक्त आपण केलेलं ते विसरत नसत आणि दुसऱ्याला विसरू देत नसत. गावातल्या प्रत्येक घराचं एक पान त्यांच्या डोक्यात उघडं असे. मी हे नावं ठेवायला सांगत नाही. मीही माणसांकडे तशीच बघते, फक्त माझ्याकडे बैलगाडी नाही.

तर भिंतीची हकिगत अशी. चर्चची डावी बाजू नव्याने बांधली होती आणि तिथे एक लांबच लांब पांढरी भिंत तयार झाली होती. रोमला शिकून येणारे धर्मगुरू येताना जपमाळा आणतात, पदकं आणतात. फादर ऑस्वल्डनी चित्रांच्या मोठ्या छापील प्रतींची गुंडाळी आणली. सातशे वर्षांपूर्वी कुणा चित्रकाराने एका छोट्या कपेलाच्या, प्रार्थनाघराच्या, भिंती ख्रिस्ताच्या आयुष्याने भरून टाकल्या होत्या, त्यातली ही चित्रं. फादरांना ती आपल्या भिंतीवर हाताने काढून हवी होती. कौन्सिलला नको होती. कौन्सिलला संगमरवरी फरशी हवी होती. मग फादर सहज बोलून गेले की हे कपेल पादुआ गावात आहे. पादुआ म्हटल्यावर सभा एकदम सरळ होऊन बसली. संत अंतोनी पादुआचा. आमच्याकडे किल्ली हरवली तरी आधी अंतोनीला सांगतात आणि मग उशीखाली बघतात. ठराव एकमताने पास झाला.

पुढे चित्रं चढायला लागली तसे लोक येऊन प्रत्येकात अंतोनी शोधू लागले. तो चित्रकाराने काढलाच नाही म्हटल्यावर शेजारच्या जुझेफीनमावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्याला कुठेतरी ठेवून विसरले.

काम मला मिळालं ते मी फुकट करणार होते म्हणून. पद्धत साधी. छापील प्रतीवर पेन्सिलीने चौकोन आखायचे. भिंतीवर कोळशाच्या पुडीतून काढलेली दोरी ताणून टिचकी मारली की काळी रेघ उठते, तसे तिथे मोठे चौकोन पाडायचे. मग या चौकोनातलं त्या चौकोनात. ओल्या गिलाव्यात रंग मुरवायची ती जुनी विद्या मला येत नव्हती. मी आपली कोरड्या भिंतीवर तैलरंगाने काढत होते. पण फादरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जसं आहे तसं काढ, बेनीता. सुधारू नकोस. या गावात सुधारणारे पुष्कळ आहेत."

ख्रिस्तजन्म झाला, इजिप्तला पळून जाणं झालं, यरुशलेममधला प्रवेश झाला. त्यातलं गाढव लोकांना फार आवडलं. मग शेवटचं चित्र आलं, विलापाचं. क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त जमिनीवर आहे, आणि मरियेने त्याला अर्धा मांडीवर ओढून घेऊन, मानेखाली हात घालून, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं आहे. वर आभाळात देवदूत गलका करून रडतायत, कुणी गाल ओरबाडतोय, कुणी हात फाकून उलटा पडल्यासारखा उडतोय. आणि मरियेच्या अंगावरचा झगा, जो सगळ्या जगात निळा असतो, तो या छापात राखाडी होता. घड्यांच्या खाचांत कुठे कुठे निळ्याचे कण उरलेले. बाकी सगळा उडालेला.

याचं कारण फादरांच्या गुंडाळीबरोबरच्या माहितीत होतं. बाकीचे रंग ते लोक गिलावा ओला असतानाच भरत, म्हणून ते भिंतीचेच झाले. निळा त्या ओलीत टिकत नसे. तो गिलावा वाळल्यावर वरून चढवत, आणि वरून चढवलेलं काळाने पापुद्र्यापापुद्र्याने सोडून दिलं. मी तो उडालेला निळा उडालेलाच काढला. गिलाव्याला गेलेली एक लांब भेग होती, तीही काढली.

फादरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून हे सगळं मोतेसकाकांना समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ऐकून घेण्यात ते कधी कमी पडत नसत.

"तिकडे सातशे वर्षांनी उडाला," ते म्हणाले. "आपल्याकडे आजच कशाला उडवायचा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. फादरांनी चष्मा पुन्हा पुसायला काढला. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मी कुणाला देणार नव्हते. मी एवढंच म्हटलं की छापात आहे तसं आहे.

काका म्हणाले की सणाला बिशप येतायत, भिंतीला आशीर्वाद द्यायला. दुःखी मातेच्या चर्चमध्ये खुद्द माता फाटक्या-विटक्यात बसलेली त्यांनी बघायची काय. मग छत्री बगलेत मारून, जाता जाता, अगदी प्रेमाने म्हणाले, "शाळासुद्धा पॅरिशचीच आहे, बाय. विचार कर."

विचार मी केला. आई आणि मी दोघीच होतो, बाबा लहानपणीच गेलेले, भाऊ जोकीम पाच वर्षांपूर्वी. घर माझ्या पगारावर चालत होतं. विचार करून झाल्यावर मी अर्धा डबा निळा झाकण घट्ट लावून शिडीखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो आभाळातली माझी भेग गायब. विन्सी गवंडी थापी पुसत उभा. मोतेसकाकांनी त्याला सांगितलं होतं की नव्या भिंतीला तडा गेलाय, बिशप यायच्या आत बुजव. बिचाऱ्याने दोन देवदूतांच्या मधून लांबीचा लगदा फासून वर छान घोटून दिला होता. मी त्याला सांगितलं की ती भेग चित्रातली होती. तो भिंतीवरून हात फिरवत म्हणाला की टीचर, चूक माझी नाही, तुम्ही ती फार चांगली काढली होती. आजवर माझ्या कामाला मिळालेलं हे सगळ्यांत खरं प्रशस्तिपत्र. लांबी वाळल्यावर मी तिच्यावर पुन्हा भेग काढली. या वेळी जरा रुंद.

गावात बातमी गेली की बेनीता हट्टाला पेटली. तट पडले. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला बोलावून घेतलं आणि आज्ञाधारकपणा हा कसा सद्गुण आहे ते सांगितलं. जुझेफीनमावशी म्हणाली की थोडासा लाव, खांद्यापुरता, कुणाला कळतंय. महिला मंडळाच्या बायका जोडीजोडीने येऊन चित्रासमोर उभ्या राहत, मरियेकडे बघत आणि हळूच आपला पदर नीट करत. फादर ऑस्वल्ड मात्र दिसले की बाजूच्या दाराने जाऊ लागले. फादर भला माणूस होता. भला माणूस अडचणीत दोन्ही बाजूंशी भला राहतो आणि त्याने फार घोळ होतो.

आणि मग एका संध्याकाळी मोतेसकाका आमच्या ओट्यावर आले.

त्यांनी पाच वर्षांत आमची पायरी चढली नव्हती. आईने पाट पुढे केला, पाणी आणलं. काकांनी आधी केळीच्या भावाची चौकशी केली, मग आईच्या गुडघ्यांची. मग मुद्द्यावर आले. सणाला दरवर्षी वेदीवरच्या मरियेच्या मूर्तीला नवा शेला चढतो, तर यंदा दोन चढवू. एक मूर्तीला, एक चित्रातल्या मरियेला. भिंतीत वरच्या बाजूला आकडे ठोकून घेतलेत. रंगाला बेनीताचा विरोध आहे ना, मग रंगाला हातच लावायला नको. कापडाने भागतं. कुणाचाच शब्द खाली पडत नाही.

हुशारी होती, कबूल. मी आतून ऐकत होते आणि मनात म्हटलं, शंभर घरांचं गाव हा एकटा का चालवतो ते कळलं.

"पण बसलेल्या, वाकलेल्या बाईला शेला बेतायचा म्हणजे सोपं नाही," काका म्हणाले. "आमची सून शिवते मूर्तीचा, पण तिचं आपलं झालरी, चुण्या. केकसारखं दिसतं. गावात असा हात एकच होता, वहिनी. तुमचा."

आईने पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"झालं गेलं झालं," काका म्हणाले. "महिला मंडळात तुमची जागा आहेच. यापुढे शेला तुमच्याकडेच."

त्यांनी पिशवीतून निळ्या सॅटिनचा तागा काढून ओट्यावर ठेवला. भारी कापड होतं. आईने त्यावरून हाताची मागची बाजू फिरवली, शिवणारी बाई फिरवते तशी, आणि म्हणाली, "असा शेला घरी बसून शिवता येत नाही, मोतेसभाऊ. अंगावरच बेतावा लागतो. सणाच्या सकाळी मिस्साच्या आधी येईन. तिथेच टाके घालीन."

काका उठले ते खूश होऊन. ओट्यावरून उतरताना माझ्याकडे बघून हसले. ते हसू वाईट नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं.

ते फाटकाबाहेर पडले आणि मी आईवर तुटून पडले. आता सांगते ते तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

जोकीमने स्वतःचं आयुष्य स्वतःच संपवलं होतं. का, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्या वेळचे फादर जुन्या वळणाचे. त्यांनी कौन्सिलला विचारलं आणि कौन्सिल म्हणजे मोतेसकाका. निर्णय झाला की देह चर्चमध्ये आणायचा नाही, घंटा वाजवायची नाही, कबरस्तानात पुरायचा नाही. जोकीमला कुंपणाच्या भिंतीबाहेर चिंचेखाली ठेवलं. चौघांनी उचललं, त्यातले दोन मुंबईहून आलेले त्याचे मित्र होते. कुणाच्याही मयताला आधी पोचणारे मोतेसकाका त्या दिवशी आले नाहीत.

मूर्तीचा शेला तेव्हा आई शिवत असे, तिची आई शिवायची म्हणून. त्या वर्षीचा आधीच शिवून झाला होता. सणाच्या आदल्या दिवशी ती तो घेऊन गेली, आणि काकांनी चर्चच्या दारातच तो तिच्या हातात परत दिला. म्हणाले, यंदा या घरचा हात नको, वहिनी. लोक बोलतात.

आई तो शेला घेऊन सरळ चिंचेखाली गेली आणि जोकीमवर अंथरून आली. चार बाजूंना चार दगड ठेवून. चर्चमध्ये ती त्यानंतर गेली नाही. रविवारी घंटा झाली की ओट्यावर उभी राहायची आणि मिस्साची प्रार्थना संपायच्या सुमारास बसायची. तो शेला तिथेच राहिला. उन्हाने, पावसाने त्याचा निळा खाल्ला. दुमडलेल्या घडीत थोडा उरला, बाकी राखाडी झाला.

फादर ऑस्वल्डनी विलापाचा छाप माझ्यासमोर उलगडला तेव्हा मला तो रंग ओळखीचा होता. मला तो कुठल्याही माहितीत वाचावा लागला नाही.

हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, तुझा शेला दारातून परत केला त्याच माणसाच्या कापडाने तू माझं चित्र झाकणार. तुला बोलावलं म्हणून तू जाणार. ते जागा देतायत आणि तू घेणार.

आई सॅटिनची घडी घालत होती. घडी मनासारखी पडेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "मी ते चित्र बघितलेलं नाही. बघायला तर जाऊ दे."

सणाच्या दिवशी सकाळी चर्च पताकांनी भरलं होतं. मोतेसकाकांनी कर्णे भाड्याने आणून जिथे जागा मिळेल तिथे टांगले होते, घंटेच्या मनोऱ्याला, शाळेच्या गच्चीला, कुंपणाबाहेरच्या चिंचेलासुद्धा. बिशपांची गाडी यायची होती. महिला मंडळ डाव्या भिंतीजवळ जमलेलं. माझ्या आभाळात दोन पितळी आकडे चमकत होते, एक बरोबर देवदूताच्या कोपरात ठोकलेला.

आई मुख्य दाराने आत आली. हातात कापडाची पिशवी. बायका बाजूला सरल्या, तिला वाट झाली. ती कुणाकडे न बघता भिंतीपाशी गेली आणि चित्रासमोर उभी राहिली.

मी तिच्या मागे होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता.  कुणीतरी खोकलं. मोतेसकाका पुढे झाले आणि आवाज खाली करून म्हणाले की वहिनी, गाडी कधीही येईल, बेतायला घ्या. सुई-कात्री आणली ना?

आईने पिशवीतून सॅटिन काढलं. पुरतं उलगडलं, हवेत एकदा झटकलं. मग त्याची चौपदरी घडी केली, चित्राच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवली आणि गुडघ्याला हात देत हळूहळू तिच्यावर बसली.

"वहिनी, हे काय?"

"बसते जरा."

"आणि शेला?"

आईने मान वळवली नाही. ती चित्राशी बोलल्यासारखी बोलली, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"जिचा मुलगा मांडीवर पडलाय, मोतेसभाऊ, तिला कुणी पदर सारखा कर म्हणून सांगतं काय?"

 काकांनी इकडे तिकडे पाहिलं, हिशेब जुळत नसे तेव्हा बघत तसं, पण त्या दिवशी प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता. शेवटी त्यांनी सुनेला खूण केली. ती धावत जाऊन मूर्तीचा गेल्या वर्षीचा शेला घेऊन आली, झालरी, चुण्या, सगळं. काका तो घेऊन पुढे आले. आकड्यांपर्यंत हात पोचायचा तर भिंतीला लागून उभं राहावं लागणार होतं, आणि भिंतीला लागून आई बसली होती.

"जरा सरकता, वहिनी?"

"नाही. ओलांडून जायचं तर जा."

आमच्याकडे झोपलेल्या मुलालाही कुणी ओलांडत नाही, बसलेल्या म्हाताऱ्या बाईला तर नाहीच. मोतेसकाका झालरीचा शेला दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले, आणि ते तसे उभे असतानाच बाहेर बँड वाजला आणि बिशप आत आले.

त्या चित्रात ख्रिस्ताजवळ दोन बायका आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेल्या आहेत. त्यांचे चेहरे चित्रकाराने काढलेच नाहीत. मी मागून पाहिलं तर तिथे आता तीन पाठी होत्या.

बिशप मुंबईचे, त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीशी आल्यावर त्यांनी चित्र पाहिलं, मग खाली बसलेल्या आईला पाहिलं, आणि फादर ऑस्वल्डना विचारलं की या कोण. फादरांचा हात चष्म्याकडे गेला. मग तो हात तिथूनच खाली आला.

"या रेजिना रुमाव," ते म्हणाले. "जोकीमच्या आई. जोकीमला आम्ही बाहेर ठेवलंय."

एवढंच. पण चर्चच्या छताखाली ते नाव पाच वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं. बिशपांनी 'बाहेर' म्हणजे काय ते विचारलं नाही, कदाचित त्यांना समजलं, कदाचित नाही. त्यांनी आईला विचारलं की मुलासाठी प्रार्थना करू का. आई म्हणाली, "करा. पण मोठ्याने करा."

बिशपांसमोर कर्ण्यांचा माइक धरलेला होताच. आधी भिंतीला आशीर्वाद द्यायचा होता, पण त्यांनी आधी जोकीम रुमावला चिरशांती मागितली, नाव घेऊन, आणि ते मनोऱ्यावरून, गच्चीवरून, चिंचेवरून सगळ्या गावभर गेलं. प्रार्थनेला उत्तर द्यायची वेळ आली. आई एकटी आमेन म्हणाली. तिच्यामागून महिला मंडळातून एक आवाज आला, मग आणखी दोनचार. सगळे नाही. सगळे म्हणाले असं मी सांगितलं तर गाव मला खोटं पाडेल.

मिस्सा होईपर्यंत आई तिथेच बसून राहिली. नंतर तिला उठवायला मी आणि फादर दोघं लागलो. तिने सॅटिन झटकलं, घडी घातली आणि काकांच्या सुनेच्या हातात दिलं. म्हणाली, यातून पोरींना झगे होतील, वाया घालवू नकोस. आणि महिला मंडळाच्या बायकांबरोबर पेज घ्यायला गेली. मंडळाने तिला पंगतीत मध्ये बसवलं, आणि ती बसली, जणू ती जागा तिने कधी सोडलीच नव्हती.

मी आकडे काढत होते तेव्हा मोतेसकाका आले. एकटेच. त्या झालरीच्या शेल्याची घडी अजून त्यांच्या काखेत होती. मला वाटलं, आता शाळेचं काढतील. त्यांनी नाही काढलं. माझ्या पक्कडीकडे बघत, खरंच उत्सुकता असल्यासारखं विचारलं, "बेनीता, मला एवढंच सांग. निळा लावायला किती वेळ लागला असता?"

"एक दुपार, काका."

"एक दुपार." त्यांनी मान हलवली. "एका दुपारच्या कामासाठी तू एवढं गाव अंगावर घेतलंस."

देवदूताच्या कोपरातला आकडा निघाला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आणि जोकीमसाठी घंटा वाजवायला किती वेळ लागला असता?"

काकांनी आकडा खिशात टाकला आणि काखेतला शेला सावरत निघून गेले. पुढच्या जूनमध्ये शाळेतली माझी नोकरी गेली, तेव्हा मला कळलं की प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला होता.